करावं लागलं

बायको गेल्यानंतरच्या महिन्यात मला जो थकवा आला, तसा तिच्या सगळ्या आजारपणात आला नव्हता. दहावं-तेरावं उरकलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, मुलगी पुण्याला गेली, आणि मी पलंगावर बसलो तो बसूनच राहिलो. जो भेटेल तो म्हणायचा, गुरुजी, लई केलंत, आता आराम करा. मी आरामच करत होतो आणि त्यानंच अंग मोडून यायचं. दाढीला बसलो की अर्ध्या गालावरचा साबण सुकून जायचा. चहा ठेवायचो आणि तो उतू जाताना बघत बसायचो. हात लांब करून गॅस बंद करावा एवढंही व्हायचं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. आमचं घर बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याच्या अलीकडं, हमरस्त्यापासून थोडं आत. बायकोला लकवा झाला तेव्हा माझी नोकरी बरीच शिल्लक होती. तिची डावी बाजू पूर्ण गेली. जीभ थोडी जड झाली, पण बोलणं शाबूत राहिलं, आणि बोलण्यात ती आधीपासूनच कुणाला हार जाणारी नव्हती. पहिलं वर्ष रजा, मग बिनपगारी रजा, मग सासूबाईंची मदत असं ओढत नेलं. सासूबाईंचे गुडघे गेल्यावर मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला.

त्यानंतरची सात-आठ वर्षं सगळी सारखीच होती, म्हणून ती वेगवेगळी आठवत नाहीत. तिची कूस ठरल्या वेळी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. हवेची गादी, तिची छोटी मोटर, त्या मोटरची घरभर घरघर. लघवीची पिशवी रिकामी करायची. वरण-भात कुस्करून चमच्यानं भरवायचा. केस विंचरायचे, वेणी घालायची. वेणी मला पहिले सहा महिने जमली नाही. ती म्हणायची, "मास्तर, सुतळी वळायला न्हाई बसलाव तुमी."

गावात माझं नाव झालं. असलं काम करणारा पुरुष लोकांनी पाहिलेला नव्हता. लग्नात, बारशात कुणीतरी मला पुढं करायचं आणि आपल्या जावयाला सांगायचं, बघा, माणूस असा असावा. गल्लीतल्या बायका नवऱ्याशी भांडताना माझा दाखला द्यायच्या. शाळेत पंचवीस-तीस वर्षं घासून जो मान मिळाला नव्हता, तो मला बेडपॅन धुऊन मिळाला. बायकोनं हे ओळखलं होतं. एकदा शेजारणी तोंडभर कौतुक करून गेल्यावर ती छताकडं बघत म्हणाली, "मी पडले म्हनून तुमी लई मोठं झालाव." तिच्या आवाजात राग नव्हता. दिसलं ते बोलून मोकळी झाली होती.

ती गेली तेव्हा मी घरात नव्हतो. दूध आणायला कोपऱ्यापर्यंत गेलतो. आलो तर मोटर चालू होती आणि ती नव्हती.

त्यानंतर माझं नाव घेणंही हळूहळू थांबलं. त्यात कुणाचं काही चुकलं नाही. दाखला द्यायला समोर काही तरी चालू असावं लागतं. मी आता एक विधुर म्हातारा होतो, तसे गावात पुष्कळ होते.

माझा एक मित्र आहे, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. आमच्याच गल्लीत राहतो. तो रोज येऊन बसायचा, त्याच्या नातवंडांचं सांगायचं ते सांगायचा आणि मी ऐकत नाही हे दिसलं तरी बसायचा. दिवाळीनंतर एके सकाळी त्यानं मला तसंच पलंगावर बघितलं आणि म्हणाला, "तू आता माणूस न्हाई ऱ्हायला बे, गोणी झालास. चल, कपडे घाल." त्यानं मला अंबाजोगाईच्या एका डॉक्टरकडं नेलं. साखर, थायरॉईड, रक्त, हृदयाची पट्टी, सगळं झालं. कशातच काही निघालं नाही, याचं मला वाईट वाटलं. काहीतरी निघावं, त्याला गोळी असावी, अशी माझी फार इच्छा होती. डॉक्टरांनी माझ्याशी थोडा वेळ बोलून एक चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, वरच्या मजल्यावर एक मॅडम बसतात, त्यांना भेटून जा.

खाली औषधाचं दुकान, वर दोन खोल्या. मॅडम माझ्या मुलीपेक्षाही लहान दिसत होत्या. टेबल नव्हतं. समोरासमोर दोन खुर्च्या आणि मध्ये पाण्याचा तांब्या. मित्र बाहेर बाकड्यावर बसला. त्यांनी विचारलं, काय होतंय. मी सगळं सांगितलं, म्हणजे बायकोचं आजारपण सांगितलं. ते सांगायची मला सवय होती, कुठं कोण हळहळतं हेही ठाऊक होतं. त्या हळहळल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आता सकाळी जाग आल्यावर पहिल्यांदा मनात काय येतं?"

मी म्हणालो, "कूस बदलायची वेळ झाली."

"आणि मग?"

"मग कळतं, न्हाई झाली."

त्यापुढं मला बोलता येईना. त्याही बोलल्या नाहीत. खालून दुकानाच्या शटरचा आवाज येत होता. मला त्या शांततेचा राग आला. एवढा एसटीचा प्रवास करून कुणी गप्प बसायला येत नाही.

तरी मी परत गेलो. का, ते नीट सांगता येत नाही. गुरुवारी जायचं ठरलेलं असायचं आणि बाकी कुठल्याच वारी काही ठरलेलं नसायचं, एवढंच असेल. नेकनूर, केज, अंबाजोगाई. जाताना खिडकीला डोकं टेकून झोपायचो, येताना जागा असायचो. तिसऱ्या-चौथ्या वेळेला मी विचारलं की मॅडम, हा नेमका कसला उपचार, याला काही नाव हाय का? त्या म्हणाल्या, अस्तित्ववादी उपचार म्हणतात. माणूस मरणार असतो, आतून एकटा असतो, आणि कसं जगायचं ते त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. या गोष्टी टाळायच्या नाहीत, त्यांच्यासमोर बसायचं, असं त्यात असतं. मी जरा चिडूनच म्हणालो की हे तर आमच्याकडं मयतीला आलेला कुणीही सांगतो.

त्या हसल्या. "हो, पण ते सांगून उठून जातात. आपण इथं बसायचं."

त्यांची एक गोष्ट मला पटली होती. दुधाला गेलो आणि ती गेली, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी देवाची इच्छा म्हटलं नाही. तुम्ही बाहेर जायची वाट बघत होती, तुमच्यासमोर जीव सुटला नसता, हे सगळ्यांनी म्हटलेलंही म्हटलं नाही. इतक्या वर्षांत नेमकं मी कोपऱ्यापर्यंत गेलेल्या वेळातच हे व्हावं याला काही अर्थ हाय का, असं मी विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मला दिसत नाही. तसं झालं." त्या उत्तरानं मला बरं वाटलं असं नाही, पण परतीच्या बसमध्ये पहिल्यांदा मी कशाचाही अर्थ लावत बसलो नाही. नुसता बाहेर बघत आलो. कुठं कापूस वेचत होते, कुठं उसाच्या टोळ्या ट्रकवर संसार चढवत होत्या.

थंडी संपत आली तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी मी नेहमीसारखा बोलत होतो. नोकरी सोडावी लागली, स्वयंपाक शिकावा लागला, माणसात जाणं बंद करावं लागलं. त्यांनी मला थांबवलं.

"सर, तुम्ही शिक्षक आहात म्हणून सांगते. तुमच्या प्रत्येक वाक्यात 'लागलं' येतंय. तेच परत सांगता का, फक्त 'लागलं' काढून?"

मला तो पोरखेळ वाटला. पण मास्तर माणूस. व्याकरण म्हटलं की सरळ बसतो. मी सुरू केलं. नोकरी सोडली. स्वयंपाक शिकलो. धुणं धुतलं. माणसात जाणं बंद केलं. वाक्यं सोपी होती, एकामागून एक येत होती. मग मी म्हणालो, तिला घरीच ठेवावं लागलं, आणि ते बदलायला गेलो.

"तिला घरी ठेवलं."

हे वाक्य मी म्हणालो आणि थांबलो. कारण मला माझा मेहुणा आठवला.

आजारपणाला दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा बायकोचा भाऊ लातूरहून गाडी घेऊन आलता. त्याची बायको नर्स आहे. घर मोठं, खाली एक खोली मोकळी. तो म्हणाला, "दाजी, ताईला सहा महिने आमच्याकडं राहू द्या. तुमी जरा मोकळं व्हा, शाळेत जा." तो मनापासून म्हणत होता. बहिणीला त्यानं आधीच फोनवर विचारलेलं होतं. ती मला म्हणालती, मी तयार हाय, हितं ठेवा न्हाईतर तिथं, मला कूसच बदलायची हाय, तुमी बघा. निवृत्तीचा अर्ज तेव्हा अजून मंजूर व्हायचा होता, परत घेता आला असता. मी मेहुण्याला चहा पाजला आणि सांगितलं, तिला दुसऱ्याच्या हातचं जमत नाही. तो रिकामी गाडी घेऊन गेला. पुढं वर्षानुवर्षं मी लोकांना सांगत आलो की काय करणार, दुसरं कोण हाय करायला, नशिबाला आलं ते करावं लागतं. सांगता सांगता माझाही त्यावर विश्वास बसलता. मेहुण्याची गाडी माझ्या डोक्यातून पार पुसली गेलती.

हे मी मॅडमना सांगितलं. त्यांनी विचारलं, "का नाही पाठवलंत?"

मी म्हणालो, मला पाठवायची नव्हती.

वेळ संपल्यावर मी खाली आलो, दुकानासमोरच्या बाकड्यावर बसलो, आणि पहिली बस जाऊ दिली.

त्यानंतर तीन-साडेतीन महिने मी अंबाजोगाईला गेलोच नाही. मित्रानं विचारलं, कावून गेला न्हाईस? मी सांगितलं, ऊन वाढलंय. खरं म्हणजे मला त्या पोरीचा संताप आलता. इतकी वर्षं कुणीतरी हे माझ्यावर लादलंय, असं धरून मी दमत होतो. त्या दमण्यात एक आधार होता. रात्रंदिवस राबलो तर निदान वरच्याकडं बोट दाखवता येत होतं. आता लादणारा कुणी नाही म्हटल्यावर चिडायचं कुणावर? मीच दार लावून घेतलं होतं आणि मीच आत राबत होतो. घरात भिंतीला टेकून मी हेच चघळत बसायचो. उन्हाळा कडक होता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. मी एकटा, मला पाणी लागायचंच किती.

पण बसून बसून त्याच गोष्टीची दुसरी बाजूही दिसायला लागली. घाई नव्हती म्हणून दिसली असेल. मला ती घरात हवी होती. तिचं टोचून बोलणं हवं होतं, विंचरताना तिच्या डोक्याचा येणारा वास हवा होता, दुपारी टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासवांना तिनं दिलेल्या शिव्या हव्या होत्या. लोकांनी केलेलं कौतुकही हवं होतं, ते मी नाकारत नाही. पण नुसत्या कौतुकासाठी माणूस इतकी वर्षं कुणाची पाठ पुसत नाही. ती वर्षं माझ्यावर येऊन पडली नव्हती. ती माझी होती. हे कळल्यावर हलकं वाटलं असं मी म्हणणार नाही. उलट ती पहिल्यांदा जड वाटली, आपली वस्तू उचलताना वाटते तशी. आणि पहिल्यांदा मी तिच्यासाठी रडलो. त्याआधी जे रडलो होतो ते बहुतेक माझ्यासाठी होतं.

पावसाळा लागताना मी परत जायला लागलो. मॅडमनी उशीर का झाला ते विचारलं नाही, पाण्याचा तांब्या पुढं केला.

त्याच सुमारास मुलीचा फोन आला. तिला लवकरच दुसरं मूल होणार होतं. ती म्हणाली, पप्पा, पुण्याला या, आमच्याजवळच राहा, मोठ्याला बघायला कुणीतरी घरचं पाहिजे, तुमचंही मन रमेल. जावयानंही आग्रह केला. गल्लीत ज्याला त्याला हे आवडलं. आता गुरुजींना परत काम मिळालं, असंच सगळे बोलले. आणि खरं सांगायचं तर माझेही हात शिवशिवले. भरवणं, धुणं, वेळा सांभाळणं, यात मी तरबेज होतो. एवढ्या थकलेल्या माणसाच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. मी दोन दिवसांत बॅग भरायला घेतली.

बॅग अर्धी भरून गुरुवारी अंबाजोगाईला गेलो आणि हे आनंदानं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिला तुमची गरज आहे, हे कळलं. तुम्हाला काय हवंय?"

मी खूप वेळ शोधलं. मला सापडेना. इतक्या वयाच्या माणसाला या प्रश्नाचं एक शब्दही उत्तर येऊ नये, याची मला लाज वाटली. शेवटी मी म्हणालो, माहीत न्हाई, पण इतक्यात परत कुणाचं करायचं न्हाई, एवढं माहीत हाय.

आधीचा मी असतो तर मुलीला सांगितलं असतं की गुडघा दुखतोय, डॉक्टर नको म्हणतात, जमत नाही. बसमध्ये मी तशी दोन-तीन कारणं जुळवूनही झालती. घरी येऊन फोन लावला आणि म्हणालो, "बाई, मी येत न्हाई. बाळंतपणाला महिनाभर येतो. कायमचा येत न्हाई."

"का? तब्येत बरी नाही का?"

"तब्येत बरी हाय. मला हितंच राहायचंय."

"एकटं? तिथं काय आहे आता?"

"ते अजून बघायचंय."

ती म्हणाली, आईचं एवढं केलंत, आणि फोन ठेवला. पुढचे दोन-तीन आठवडे फोन जावईच करायचे. मला फार वाईट वाटलं. मॅडमना म्हणालो की तुमच्यामुळं पोरगी तुटली. त्या म्हणाल्या, माझ्यामुळं?

गल्लीतल्या एकाच्या आईला त्याच पावसाळ्यात लकवा झाला. ते लोक मला बोलवायला आले. मी गेलो, कूस कशी बदलायची, उशी कुठं द्यायची, सगळं त्याच्या बायकोला दाखवलं. ती म्हणाली, गुरुजी, रोज सकाळी येत जावा. मी नाही म्हणालो. तिचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर दोनदा वळून बघितलं, पण मी परत आत गेलो नाही.

बाळंतपणाला ठरल्याप्रमाणं महिनाभर पुण्याला जाऊन आलो. मुलगी जेवढ्यास तेवढं बोलली. नातू मात्र पाठ सोडेना, आणि निघताना माझा पाय उंबऱ्यातून निघत नव्हता. तरी निघालो.

काम मिळालं ते ठरवून मिळालं नाही. मांजरसुंब्याच्या फाट्यावर माझ्या मित्राच्या पुतण्याचा धाबा आहे. सकाळच्या पाळीला गल्ल्यावर बसायला भरवशाचा माणूस मिळत नाही, अशी तो कुरकुर करत होता. मी सहज म्हणालो, मी बसू का? तो आधी हसला, मग घाबरला. "गुरुजी, तुमी? लोक मला शिव्या देतील." मित्रानं त्याला सांगितलं, बसू दे बे, चार दिवसांत कंटाळंल.

मी कंटाळलो नाही. सकाळी अंधार फिटता फिटता जातो, दुपारी येतो. पोहे, भजी, चहा, बाटलीबंद पाणी, पार्सलची रबडी. एसटी थांबते, झोपेतून उठलेली माणसं उतरतात, तोंड धुतात, खातात, लहान पोराला सुसू करवून आणतात, आणि जातात. परत बहुतेक कधी दिसत नाहीत. त्यांच्यातल्या कुणालाही माझी कथा माहीत नसते. कुणी मला भला माणूस म्हणत नाही; सुट्टे नसले तर दोन शब्द वाईटच बोलतात. सुरुवातीला ते लागायचं. आता आवडतं. इतक्या वर्षांनी मी कुणाच्या तरी समोर नुसता बसलेलो असतो.

अंबाजोगाईला जाणं हळूहळू कमी झालं. आधी महिन्यातून एकदा, मग थांबलं. शेवटच्या वेळी मी मॅडमना विचारलं, मी बरा झालो का? त्या म्हणाल्या, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणालो, थकवा तर अजून हायच. त्यांनी मान हलवली. मी नमस्कार करून निघालो.

मुलगी या उन्हाळ्यात पोरांना घेऊन आली. तिला धाब्याचं कळलं होतं आणि ते तिला पटलेलं नव्हतं. सासरचे विचारतात, तुझे वडील हॉटेलात कामाला असतात का, असं म्हणाली. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांना माझ्या मित्राच्या घरी सोडून ती धाब्यावर आली. गर्दी ओसरल्यावर मी तिच्यासमोर बसलो. तिनं पिठलं-भाकरी मागवली होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ताटाकडं बघत तिनं विचारलं, "पप्पा, आईचं करताना तुम्हाला कधी नकोसं झालं होतं का?"

हा प्रश्न मला कुणीच कधी विचारला नव्हता.

"लई वेळा," मी म्हणालो.

"मग मामानं नेतो म्हटलं होतं तेव्हा का नाही पाठवलंत? आई सांगायची मला."

"मला करमलं नसतं तिच्याशिवाय."

मला वाटलं ती रडेल, पण ती रडली नाही. भाकरीचा तुकडा मोडून म्हणाली, "मलाही घरात कधी कधी फार नकोसं होतं. कुणाला सांगता येत नाही." मी म्हणालो, मला सांग. तिनं थोडं सांगितलं. मी उपाय सुचवला नाही, मध्ये बोललो नाही. एवढं मला आता येतं.

तेवढ्यात बीडकडून आलेली एक ट्रॅव्हल्स थांबली आणि माणसं उतरायला लागली. तिनं खूण केली, जा तुम्ही. मी उठून गल्ल्यावर गेलो.